मास्तरांचा क्लोजअप

आमचे चित्रकलेचे मास्तर पुण्याच्या एका स्टुडिओत काही महिने पडदे रंगवून नाशिकला परतले, ते सिनेमाचे जाणकार होऊनच. बोलता बोलता ते समोरच्याच्या नाकाशी तोंड नेत आणि म्हणत, "हा क्लोजअप." मग मागं सरकून लांबूनच नमस्कार करत, "हा लाँग शॉट."

आम्हा कॉलेजातल्या मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी हातानं फिरवायचा जुना कॅमेरा मिळवला आणि गोदाघाटावर छोटा सिनेमा सुरू केला. आमच्यातलाच एक, गावातल्या वकीलसाहेबांचा मुलगा, नायक होता. पायरीवर उभं राहून त्यानं उदासपणे नदीकडे बघायचं होतं. त्याचा पाय घसरला आणि तो धारेला लागला. आम्ही पाण्यात उड्या टाकल्या. मास्तर हँडल फिरवतच होते.

"सावकाश काढा रे, त्याचा चेहरा इकडं करा."

फिर्याद करायची म्हणून वकीलसाहेब पुरावा बघायला आले. मास्तरांनी खिडक्या लावून फिल्म दाखवली. पडद्यावर मुलगा गटांगळ्या खात होता. वकीलसाहेबांनी पुढं वाकून पडद्याचे कोपरे न्याहाळले.

"मीही काठावरच होतो," शेवटी ते म्हणाले. "मी कुठंच कसा दिसलो नाही?"

"राहून गेलं खरं. पुढच्या वेळी तुमच्यापासूनच सुरुवात करू."

वकीलसाहेबांनी समाधानानं मान हलवली. त्यांचा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं माझा हात घट्ट धरला.