कॉम्प्युटरसाठी पाडलेलं भोक

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला जागा मिळाली ती कापसाच्या शेजारी. मधल्या खोलीच्या अर्ध्या भागात कापसाचा ढीग, पार आढ्याला टेकलेला. उरलेल्या अर्ध्यात टेबल, त्यावर जाडजूड मॉनिटर, खाली सीपीयूची पेटी आणि मी. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. आज चढेल, उद्या चढेल म्हणत केळापूरकडच्या कितीतरी घरांत कापूस ऐसपैस पसरलेला आणि माणसं अंग चोरून, खाजवत बसलेली.

पांढरकवड्याला टायपिंग शिकून मी गावात काम सुरू केलं होतं. पहिलं मोठं काम गुरुजींचं. झरी जामणीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, उभी हयात शिकवून ते गावी परतले होते. तिथे कानावर पडलेला एकेक कोलामी शब्द त्यांनी वहीत उतरवून पुढे मराठी अर्थ लिहिला होता. अशा सात वह्या. आणि गुरुजींना काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"बाई, पुस्तक मंग होवो का न होवो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मले हे छापलेल्या अक्षरात माह्या डोयानं पाहाचं आहे. एक डाव."

महिन्याभरात हातात देते, असं मी मोठ्या ऐटीत सांगून बसले.

महिना होता मे. लोडशेडिंग असं की वीज यायची दुपारी बाराला आणि जायची चारला. म्हणजे सगळं गाव दारं लावून आडवं व्हायचं तेव्हा माझं काम सुरू. अर्ध्या तासात पेटीचा पंखा घरघरायला लागे, मागून धग येई आणि पडदा एकदम काळा होई. पेटी निवायला पुढे तासभर. चार तासांत दीड पान. सात वह्यांना या हिशेबाने किती दिवस लागतील ते मी मोजलंच नाही, धीर झाला नाही.

उपाय मी कमी केले नाहीत. दाराला ओलं पोतं टांगलं, तर आई धावून आली. "काय करून राह्यली व? कापूस ओला झाला, पिवळा पडला, तं कोन घेईन?" जमिनीवर पाणी शिंपडलं, पुन्हा तेच. कूलरचं तर नावच काढायची सोय नव्हती. टेबलफॅन लावला तर ढिगातले तंतू उठून थेट पेटीत शिरले. मग मी आईच्या जुन्या लुगड्याची दुहेरी वाकळ शिवून पेटीला पांघरली. तंतू बंद झाले म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश. पेटी आता वीस मिनिटांतच बंद पडायला लागली. पांढरकवड्याहून दुरुस्तीवाला आला, त्याने पेटीतून मूठभर कापूस काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "एसी बसवा, मॅडम." मला आधी हसू आलं आणि मागोमाग रडू.

गुरुजी रोज यायचे. त्यांचं अक्षर फक्त त्यांनाच लागायचं, म्हणून वही डोळ्यांशी धरून ते सांगायचे आणि मी टाईप करायचे. एका दुपारी उठताना त्यांच्या पायाने पाण्याचा तांब्या लवंडला. पाणी कापसापर्यंत गेलं. तांब्या पायाशीच होता, त्यांना तो दिसलाच नव्हता. आईने फडकं घेतलं आणि पाणी पुसलं. त्या दिवशी ती कापसाबद्दल एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

बाबा दुसरी शिकलेले. त्यांनी पेटीला कधी हात लावला नव्हता. मी लावू दिला नव्हता, हे जास्त खरं. दुसऱ्या दिवशी ते वावरातून जेवायला आले आणि दारात उभे राहून बघत राहिले.

"काहून बंद पडते व हे?"

"तापते. तुम्हाले त्यातलं नाही समजत, बाबा."

माझी जीभ तेव्हा अशी होती. बाबा बाहेर गेले आणि रुईचं फुटलेलं बोंड घेऊन आले. त्यातली एक म्हातारी, ती उडणारी पांढरी झुबकेदार बी, त्यांनी पेटीच्या मागे धरून सोडली. ती सरळ वर गेली. छपराच्या कवेलूंना टेकली, तिथेच थोडी घुटमळली, मग भिंतीच्या कडेने खाली आली आणि पुन्हा पेटीच्या मागे शिरली. त्यांनी दुसरी सोडली. तीही त्याच वाटेने गेली आणि त्याच वाटेने आली.

"पाह्य," बाबा म्हणाले, "गरम वारा कुठी जाऊनच नाही राह्यला. तेच तेच हवा पेटी पिऊन राह्यली. अन् वरतून तू तिले वाकळ पांघरली."

मी थक्क होऊन बघत राहिले. इतके दिवस त्या खोलीत बसून मला जे दिसलं नव्हतं, ते त्यांनी दोन बियांत डोळ्यांसमोर उभं केलं होतं. मळणीयंत्रं येण्याआधी जवारी उपणायला बाबांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. तिव्यावर, उपणायच्या त्या उंच तिपाईवर, चढायचे, चिमूटभर माती हातातून सोडायचे आणि वारा कुठून येतो, किती वेळ टिकेल ते सांगायचे. मला ते वेळ काढणं वाटायचं. त्या माणसाला वारा दिसत होता, आणि हे मला विशी ओलांडल्यावर कळलं. लाज वाटली, पण त्याहून जास्त अप्रूप वाटलं.

त्यांनी सब्बल घेतली. मागच्या भिंतीपलीकडे कडुनिंबाची दाट सावली. तिथे मातीच्या भिंतीत, जमिनीलगत, वीतभर भोक पाडलं. बाहेरचा रांजण सरकवून भोकासमोर आणला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं. पाणी सगळं बाहेर, आईला बोलायला जागा नाही. मग छपरावर चढून आढ्याजवळची दोन कवेलू उचलून खाली दगड सारले. वाकळ काढली, भोकाला जुन्या धोतराचा तुकडा बांधला. खाली येऊन म्हातारी सोडली. ती वर गेली आणि फटीतून बाहेर पडली. परत आली नाही.

त्या दुपारी कॉम्प्युटर चार वाजेपर्यंत चालला. मी मधून मधून भोकापाशी हात नेऊन बघत होते. बाहेर अंग भाजणारं ऊन आणि हाताला गार झुळूक. मला ते खरंच वाटेना.

मृग लागायच्या आधी सातवी वही संपली; तिची शेवटची पानं गुरुजींनी बरीचशी आठवणीनेच सांगितली. पांढरकवड्याहून छापून आणलेली पानं मी गुरुजींच्या मांडीवर ठेवली. अक्षर मुद्दाम मोठं घेतलं होतं. त्यांनी वरचं पान डोळ्यांशी नेलं, तिरपं केलं, दूर धरलं. ऊन येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या.

"काळं दिसते व बाई," ते म्हणाले. "अक्षर नाही दिसत."

मी दार सताड उघडलं, तरी त्यांना उजेड पुरेना. बाबा उठले आणि शिडी घेऊन छपरावर गेले. गुरुजींच्या बरोबर डोक्यावरची कवेलू ते एकेक करून काढायला लागले. चार, सहा, आठ. उन्हाचा मोठा चौकोन पानावर पडला. खोली बघता बघता तापली. गुरुजींनी बोट अक्षरांखाली ठेवलं. ओठ हलले. पहिला शब्द त्यांनी मोठ्याने वाचला, मग त्याचा अर्थ, मग दुसरा.

"दिसते का, गुर्जी?" बाबांनी वरून विचारलं.

"दिसते."

"मंग वाचा सावकाश. मी आहो इथंसा."

आणि पान संपेपर्यंत बाबा भर दुपारी त्या तापलेल्या छपरावर उकिडवे बसून राहिले.