तात्यांची शिडाची होडी

बोलता बोलता तात्या मधेच गप्प होत आणि चिमूटभर माती हवेत सोडत. ती कुठे उडते ते पाहून मगच पुढचं वाक्य. धरणाकाठच्या माकणी गावात मी शाळेत शिक्षक होतो; तिथे ते माझ्या शेजारी राहायला आले, तेव्हा मला हा माणूस जरा भ्रमिष्ट वाटला. पुढे कळलं, ते वारा बघत.

उमेदीची वर्षं त्यांनी रत्नागिरीकडे लाकडी होड्या बांधण्यात काढली होती. तिथेच ओंडका पडून उजवा खांदा कायमचा गेला आणि ते गावी परतले. धाकटी बहीण सखू धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या गावात दिलेली, आता अंथरुणाला खिळलेली. सडकेने जायचं तर दोन एसट्या बदलून अख्खा दिवस मोडे. पाण्यावरून मात्र तिचं गाव समोर दिसे. पण तात्यांना वल्हं मारता येत नव्हतं.

"हात चालत न्हाय, तर वाऱ्याला कामाला लावू," ते म्हणाले.

"वारा उलटा असला तर?" मी विचारलं.

त्यांनी अंगणात काडीने धरण काढलं. "सर, दुपारचा वारा हितं मावळतीकडनं येतो. सखूचं गाव दक्षिणेला. म्हंजी जाताना बी वारा कुशीला, येताना बी कुशीलाच. तिकोनी शीड बांधलं की दोन्ही खेपा हुत्यात."

मच्छीमारांच्या होड्या सपाट बुडाच्या; शीड लावलं तर आडव्या वाऱ्याने भलतीकडेच वाहत जातील. म्हणून तात्यांनी आपल्या होडीच्या तळाला मधोमध एक लांब उभी फळी ठोकली. शीड मांडवाच्या जुन्या कापडाचं. डोलकाठी मात्र कोकणात पाहिली तशी उंचच हवी, हा हट्ट.

"येवढी उंच कशाला? तार वढायची हाय का तिच्यावरनं?" त्यांच्या बायकोने, काकूंनी विचारलं. तात्यांनी ऐकलं नाही.

पहिल्या फेरीला मी बरोबर होतो. मध्यावर वाऱ्याचा झोत आला, होडी कलंडली आणि एका कडेने पाणी आत आलं. मी ओरडलो. तात्यांनी शिडाची दोरी हातातून सोडून दिली. शीड फडफडलं, होडी सरळ झाली. पाणी उपसत आम्ही कसेबसे काठाला लागलो. त्यांनी लगेच करवत मागवली, मला काठी धरायला लावली आणि डाव्या हाताने ती हातभर कापली.

"ही म्या माझ्या हौसेच्या मापाची लावली हुती, होडीच्या न्हाय," एवढंच बोलले.

त्यानंतर होडी कधी कलंडली नाही. तात्या बहिणीकडे वरचेवर जाऊ लागले. एकदा सखूताईंच्या मुलांनी त्यांना बाजेसकट काठावर आणलं. त्यांना होडीत बसायचं होतं. सुकाणू माझ्याकडे होतं. या भावंडांचं जुनं घर धरणात गेलेलं.

"दादा, आपलं घर कुठं आलं?"

तात्यांनी शीड सैल सोडलं. "हितंच."

सखूताई पाण्यात हात घालून बसल्या.

सखूताई वारल्यावर तात्यांनी डोलकाठी उतरवली आणि होडी मच्छीमारांना देऊन टाकली.

"तात्या, शीड का काढलं? चांगलं चालत होतं की."

"त्येंचे हात धड हायेत, वल्ही मारतील. मला पल्याड जायाचं हुतं, म्हणून शीड. आता पल्याड माझं कोण हाय?"

पुढे तात्याही गेले. होडी अजून जाळ्यांना जाते. डोलकाठीचं भोक तात्यांनी होडी देण्याआधीच लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलं होतं, कुणाचा पाय अडकू नये म्हणून.