फेटा बांधणाऱ्याने नेसवलेली नऊवारी

नातीच्या लग्नात मी नऊवारीच नेसणार, असं जाहीर केलं तेव्हा घरातले सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले. संधिवाताने बोटं वाकडी झाली आहेत. सकाळी मूठ उघडत नाही. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, हे असंच चालायचं, गोळ्या घेत राहा. रोज मी गाऊन घालते आणि त्याची बटणं आमचे हे लावतात.

"आजी, सिली हुई ले लो ना," नात म्हणाली. "सिटी सेंटरला मिळते. दो मिनिट का काम."

"शिवलेली म्हणजे पुन्हा गाऊनच," मी म्हटलं.

सुनेला नऊवारी नेसवता येत नाही. बाहेरची बाई बोलवायची तर तिला हात दाखवायचे, मग हॉलभर हळहळ. ती मला नको होती. मला नातीच्या मागे ताठ उभं राहायचं होतं.

हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. यांच्या हातचा फेटा आमच्या अख्ख्या खासगी बाजार मोहल्ल्यात नावाजलेला. लग्न कुणाचंही असो, वऱ्हाडी यांच्यापुढे डोकं घेऊन रांगेत बसतात. पेपर खाली न करता म्हणाले, "नऊ वारच ना? फेटाही जवळपास तेवढाच. डोक्याऐवजी कमरेला."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दार लावून तालीम सुरू झाली. फेटा बांधताना टोक दातांत धरायला देतात, त्या सवयीने यांनी पदराचं टोक माझ्या दातांत दिलं. मला बोलता येईना.

"किती वर्षांनी घरात शांतता आहे," हे म्हणाले.

मी टोक सोडलं आणि बोलायचं ते बोलले. साडी पायात आली.

निऱ्या मात्र यांच्या हातात अशा सरळ पडायच्या की माझ्या चांगल्या दिवसांतही पडल्या नव्हत्या. अडायचं कासोट्याशी. एकदा इतका आवळला की मला बसता येईना. एकदा दारापर्यंत चालत गेले आणि सगळं सुटलं. आम्ही पलंगावर बसून हसत सुटलो.

सुनेने दार वाजवलं. "आई, काय चाललंय?"

"व्यायाम," हे म्हणाले.

मला लग्नापेक्षा दुपारचीच ओढ लागली. गोळी घेतली का आणि आज कुठे दुखतंय, याखेरीज आमच्यात बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आता सकाळपासून कासोट्यावर वाद चालायचा.

लग्नाच्या दिवशी पडाव भागातल्या हॉलमध्ये मी बायकांच्या खोलीत चोळीवर चादर गुंडाळून बसले होते. मुहूर्त जवळ आला तरी यांचा पत्ता नाही. बाहेरून ऐकू येत होतं, "काकाजी, एक और." मी सुनेला म्हटलं, "त्यांना सांग, वऱ्हाड बोडकं राहिलं तरी चालेल, मी नाही."

हे धापा टाकत आले. आत माझी नणंद होती. "दादा, तू बायकांच्या खोलीत?"

"काम आहे. तू बाहेर हो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्याह्यांना अर्धा फेटा बांधून बसवून आलोय. टोक त्यांच्या दातांत आहे. चल, ऊठ."

या खेपेला टोक मी आपणहून दातांत धरलं आणि एक शब्द बोलले नाही. निऱ्या पडल्या, कासोटा बसला. हे पळत परत गेले.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी नातीच्या मागे उभी होते. कासोटा हलला नाही. हे शेजारी येऊन उभे राहिले. सगळ्यांचे बांधून स्वतःचा फेटा शेवटी, घाईत गुंडाळलेला, डाव्या कानावर कललेला. माझ्या बोटांनी तो धरवेना, म्हणून मनगटाने ढकलून सरळ केला.

"बसला नीट?" त्यांनी विचारलं.

"बसला. आता अक्षता टाका."