क्षमेला तिकीट लागत नाही

पाप करायचं नाही असं ठरवलेली माणसं एकत्र बसली की किस्से फार साचतात. आमच्या भगिनी मंडळाचं तसंच झालंय. धुळ्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. दर गुरुवारी दुपारी कुणाच्या तरी घरी बायका जमतात. एक गीत, एक प्रार्थना, पाळकसाहेबांनी दिलेल्या विषयावर चर्चा, मग चहा आणि चिवडा. मी शाळेत शिकवते. शाळा सुटून मी पोचते तोवर दिलेला विषय संपून खरा विषय सुरू झालेला असतो.

आपण म्हणजे एका गालावर खाऊन दुसरा पुढे करणारी माणसं, असा आमच्याबद्दल बाहेर समज आहे. समज असणाऱ्यांनी रूथअक्काला पाहिलेलं नाही. अक्का आयुष्यभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वॉर्डातून नातेवाइकांना बाहेर काढतानाचाच आहे.

*

एका रविवारी पाळकसाहेबांनी निंदेवर उपदेश केला. जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलू नये, तेही एक प्रकारे खून करण्यासारखंच आहे, असं त्यांनी फार कळकळीने सांगितलं. आम्हाला ते पटलं. गुरुवारी सगळ्यांनी ठरवलं, आजपासून गैरहजर माणसाचा विषय काढायचा नाही.

मग चहा आला. चिवड्यातले दाणे चावल्याचा आवाज तेवढा येत होता. आपल्याकडे दुसरं बोलण्यासारखं काहीच नाही हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं असावं.

शेवटी अक्का म्हणाली, "बरं, मग हजर असलेल्यांबद्दल बोलू." आणि तिने सुरुवात केली. कोण सुनेला फ्रीजला हात लावू देत नाही, कोण प्रार्थनेत देवाला कमी आणि शेजारणीला जास्त ऐकवते, कोण चर्चमध्ये पुढच्या बाकासाठी लवकर येते. सगळं तोंडावर, शांतपणे. मलाही सोडलं नाही. मी वर्गात पोरांना खरं बोलायला शिकवते आणि घरी फोन आला की नवऱ्याला 'ती नाहीये म्हणून सांगा' म्हणते, हे तिला कुठून कळलं कोण जाणे.

पुढच्या गुरुवारी निम्म्या बायका आल्या नाहीत. त्यांच्याबद्दल बोलताही येईना.

*

शिंदखेड्याला अक्काचा भाचा राहतो. त्याच्याकडे जाताना स्टँडबाहेर तिच्या डोळ्यांदेखत एका जीपने भाजीवालीला उडवलं. बाईचा पाय कायमचा गेला. जीप चालवत होता एका पुढाऱ्याचा पुतण्या. स्टँडवर माणसांची गर्दी होती, पण जबाब द्यायची वेळ आली तेव्हा सगळ्यांची म्हणे जीपकडे पाठ होती. अक्काचं तोंड जीपकडे होतं, आणि तसं तिने लिहून दिलं.

पुढाऱ्याची माणसं तिच्या घरी आली. नीट बसली, पाणी प्यायली, पोराचं लग्न ठरतंय वगैरे सांगितलं. त्यातला एक हुशार होता. तो म्हणाला की तुमच्या धर्मात तर क्षमा सांगितलीय.

"सांगितलीय ना. मी तयार आहे," अक्का म्हणाली. "गाडी मीच चालवत होतो, एवढं त्याला आधी म्हणू दे. कबूलच नाही, तर माफ काय करू?"

केस उभी राहिली. बचावाच्या वकिलाने तिला विचारलं, "बाई, तुम्ही मोठ्या धार्मिक. आयुष्यात कधीच खोटं बोलला नाहीत का?"

"बोलले. इंजेक्शन देताना रोज सांगायचे, दुखणार नाही."

कोर्टात हशा पिकला. वकिलालाही बरं वाटलं. तो म्हणाला, "मग आज तुम्ही खरं बोलताय हे आम्ही कसं मानायचं?"

अक्का म्हणाली, "आज दुखणार आहे. आधीच सांगते."

*

आमच्याकडे मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पंच बघतात. त्यांचे प्रमुख दानियल नाना. शिस्तीचा माणूस, चारित्र्याने स्वच्छ, आणि दुसऱ्याच्या चारित्र्यावर बारीक लक्ष.

याकोब पेंटर वारला तेव्हा नानांनी सांगितलं की घंटा वाजणार नाही आणि पाळकसाहेब कबरीवर प्रार्थना करणार नाहीत. याकोब दारू प्यायचा, हे खरंच होतं. दारूनेच गेला. दर नाताळला कामट्यांचा मोठा तारा करून चर्चवर तोच चढवायचा, हेही खरं होतं, पण ते नानांच्या हिशेबात बसत नव्हतं. तरुण पोरांना धडा मिळाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाळकसाहेब मऊ माणूस. नानांपुढे त्यांचं चालत नाही.

याकोबची बायको खाली मान घालून उभी होती. नवरा गेल्याचं रडावं की लाजेचं, तिला कळत नव्हतं.

अक्काने पदर खोचला आणि घंटेचा दोर धरला. नाना धावत आले. हे तुमचं काम नाही म्हणाले.

"नाना, दारूच्या पापाला वास येतो म्हणून ते तुम्हाला कळलं," अक्का म्हणाली. "बाकीच्या पापांना वास असता, तर आपल्यापैकी कुणाला मूठमाती मिळाली असती?"

आणि तिने घंटा वाजवली. वाजवतच राहिली. आम्ही बायका गीत म्हणत कब्रस्तानापर्यंत गेलो. अर्ध्या वाटेत पाळकसाहेब आमच्यात सामील झाले. घाईत त्यांनी झगा उलटा घातला होता. कुणी त्यांना सांगितलं नाही.

*

एस्तेर आमच्याच मंडळीतली मुलगी. तिला जामनेरला दिलेली. नवरा नानांचा सख्खा भाचा, चांगल्या नोकरीत. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा तिचा एक कान नीट ऐकत नव्हता. आईवडील नव्हते, भावाने दारात उभं केलं नाही. ती अक्काकडे राहिली.

पंचांनी बैठक बोलावली. देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, असं नाना म्हणाले. क्षमा कितीदा करायची हे मोजायचं नसतं, असंही म्हणाले. बोलले फार सुंदर. मी खाली बघत होते, कारण हेच शब्द मी लहानपणापासून ऐकलेत आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्या दुपारी ते शब्द कुणाच्या तरी हातातल्या पट्ट्यासारखे वाटले.

एस्तेर म्हणाली, "मी त्यांना क्षमा केलीय. खरंच केलीय."

"मग झालं तर," नाना म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीने जामनेरला जा."

"ती क्षमा इथं बसून करेल," अक्का म्हणाली. "क्षमेला बसचं तिकीट लागत नाही."

नाना संतापले. तुम्ही मंडळी फोडताय, म्हणाले. चिडली की अक्का अहिराणीवर येते. ती उठली आणि एस्तेरच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पोर आठे शे. आठेच राही."

मुलगी इथेच राहणार म्हटल्यावर बैठक तिथेच संपली.

*

मग एका रविवारी तो नवरा स्वतः आला. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिला. मी बदललोय, पाप कबूल केलंय, असं रडत रडत बोलला. पुरुषांच्या बाजूला दोघातिघांनी डोळे पुसले. उपासनेनंतर बाहेर आवारात तो एस्तेरसमोर आला. तिने अक्काचा हात घट्ट धरला.

अक्काने त्याला आमच्या रीतीने सलाम केला. त्याची तब्येत विचारली. म्हणाली, "आनंद आहे बाबा. देवाला तुझं मन लगेच दिसतं. आम्हाला वेळ लागतो. आम्ही लांबून बघू."

किती दिवस, असं त्याने विचारलं.

एस्तेर पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून बोलली. "ज्या कानाने मला ऐकू येत नाही ना," ती म्हणाली, "त्या बाजूला उभं राहून बोलताय तुम्ही."

*

त्यानंतरचा रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकरी वाटून घ्यायचा होता. उपासनेच्या शेवटी नानांनी उभं राहून जाहीर केलं की नवऱ्याशी समेट होईपर्यंत एस्तेरला प्रभुभोजन मिळणार नाही. ज्याने वचन मोडलं त्याने त्या मेजाजवळ येऊ नये.

पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन पुढे उभे राहिले. आमच्यात मेजाजवळ आधी जायचा मान वयाने मोठ्या बाईचा. म्हणजे अक्काचा. अक्का उठली नाही. तिच्या मागची उठली नाही. माझी पाळी आली. मी कधीही प्रभुभोजन चुकवलेलं नाही. तरी मी बसून राहिले. हळूहळू बायकांची सगळी बाजू तशीच बसून राहिली. एस्तेर रडत होती, जा ना, जा ना, माझ्यासाठी नको, म्हणत होती. कुणी हललं नाही.

नानांच्या पत्नी लीलाबाई. फार हळू बोलणारी बाई. मंडळात येतात, चहा ओततात, आमेन म्हणतात. उकाड्यातही पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालतात. त्यांना थंडी वाजते, असं नाना सांगतात.

त्या उठल्या. सावकाश पुढे गेल्या. पाळकसाहेबांच्या हातातून ताट घेतलं आणि आमच्या बाकांकडे वळल्या.

"लीला," नाना म्हणाले, "खाली बस."

लीलाबाई थांबल्या. ताट त्यांनी डाव्या हातात घेतलं आणि ब्लाऊजची उजवी बाही कोपरापर्यंत वर सारली. सगळ्या मंडळीला वळ दिसतील अशी.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा पहिला तुकडा एस्तेरच्या हातावर ठेवला.