शेवटची पायरी

१९९९ साली बेंगळुरूच्या इंदिरानगरातल्या एका छोट्या कंपनीने शाळकरी मुलांच्या गृहपाठासाठी वेबसाइट काढली. मुलांनी अडलेलं गणित पाठवायचं आणि धनलक्ष्मी हुक्केरींनी ते सोडवून ई-मेलने धाडायचं. सगळे त्यांना अक्का म्हणत. निपाणीच्या शाळेतून निवृत्त होऊन त्या बेंगळुरूला मुलाकडे राहायला आल्या, आणि वर्षाच्या आत मुलगाच अमेरिकेला निघून गेला.

वर्गात चुकलेल्या पोराचा कान तरी धरता यायचा. इथे उत्तर पोचलं की पोर गप्प. साधं 'सरी अक्का', म्हणजे 'बरं अक्का', एवढं म्हणायलाही कुणी फिरकत नसे. "मेली कामापुरती कार्टी!" अक्का पडद्यावर खेकसत.

मग त्यांनी युक्ती काढली. गणित सोडवत आणायचं आणि शेवटची पायरी तेवढी लिहायची नाही. झालं, मुलं परत लिहू लागली. 'पुढे काय?' एवढंच लिहीत, पण लिहीत. पुण्याहून आलेली त्यांची बॉस श्वेता खूश झाली. "अक्का, मुलांना विचार करायला लावता तुम्ही. ग्रेट!"

अक्कांनी मान खाली घातली.

सगळ्यांत जास्त लिहायची ती नववीतली मैत्रेयी. भूमिती म्हटलं की तिला घाम फुटायचा. एका सोमवारी तिने त्रिकोणाचं गणित पाठवलं. अक्कांनी शेवटची पायरी राखून ठेवली आणि तिच्या 'पुढे काय?'ची वाट बघत बसल्या. मंगळवार गेला, बुधवारही गेला. गुरुवारी मैत्रेयीची ई-मेल आली: 'अक्का, पुढचं माझं मलाच सुटलं! आता तुम्हाला त्रास नाही देणार.'

अक्कांनी 'शाबास' लिहिलं. या उत्तरातून राखून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं.