पाणीवाल्यांची लाडकी बॅटरी

टेलिफोन एक्सचेंजच्या तळमजल्यावर बॅटऱ्यांची खोली होती. त्या खोलीत पाणीवाल्यांनी एकतीस वर्षं काढली. मोठाल्या बरण्यांएवढ्या अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या तिथे ओळीने उभ्या असत. त्यांच्यातलं पाणी कमी झालं की बघून भरायचं, हे त्यांचं काम, म्हणून नावच पाणीवाले पडलं. तिथला नियम एकच होता: बॅटरी सतत भरलेली पाहिजे. रिकामी पडून राहिली तर मेलीच समजा. कितीही वेळा वीज गेली तरी आपल्या कारकिर्दीत फोन एकदाही मुका झाला नाही, हे ते भेटेल त्याला सांगत, मग ऐकणारा ऐकत असो वा नसो.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. मग शेजाऱ्यांच्या बिजागऱ्यांना घातलं. पुढे दारंच संपली. माणूस दिवसभर खिडकीशी बसायला लागला.

बायको त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान, नर्स. घरोघरी जाऊन ड्रेसिंग करायची, इंजेक्शनं द्यायची. तिचे गुडघे कुरकुरायला लागले तशी तिने इलेक्ट्रिक सायकल घेतली. किल्ली फिरवली की तिची बॅटरी सुटून हातात येई. पहिल्याच दिवशी तिने ती नवऱ्याच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाली, "घ्या, वजनाला नवजात बाळाएवढी भरेल. आता ही तुमची."

झालं! पाणीवाल्यांना नोकरी परत मिळाली. बायकोच्या सायकलची घंटा वाजली की ते तीन मजले उतरून खाली हजर. बॅटरी काढायची, वर आणायची, मऊ फडक्याने पुसायची आणि गरम असली तरी तशीच चार्जरला लावायची. ती दुसऱ्या दिवशी बायको निघेपर्यंत लागलेलीच. सुट्टीच्या दिवशी तर चोवीस तास. धूळ बसू नये म्हणून बायकोच्या जुन्या शालीचा अभ्रा शिवून त्यांनी बॅटरी आणि चार्जर दोन्हींवर घातला होता. तळहाताच्या फोडासारखं जपणं म्हणतात ते हेच. बॅटरीवरचे पाचही हिरवे दिवे लागलेले दिसल्याशिवाय त्यांच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नसे. आणि चहाचं काय, तोही ते बशीत सांडेपर्यंत ओतायचे. कमी भरलेली वस्तू त्यांना बघवतच नसे.

दुसऱ्या वर्षी बायकोला घरी यायला उशीर होऊ लागला. "चढावर वारा होता," ती म्हणायची आणि गुडघ्याला तेल चोळत बसायची. रोजचा वारा नेमका समोरूनच कसा येतो, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण आपल्या कामावर माणसाचा एवढा विश्वास असला की असले प्रश्न पडत नाहीत.

एके दिवशी ती चष्मा विसरून गेली. चष्म्याशिवाय तिला सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत. अकराला ती चढावरच्या पेशंटकडे असते हे त्यांना ठाऊक होतं. ते बस पकडून चढाच्या पायथ्याशी उतरले आणि समोर बघतात तो काय, बायको सायकलवर नव्हतीच. दोन्ही हातांनी ती सायकल ढकलत होती. वीस पावलं झाली की ब्रेक दाबून थांबायची, गुडघा चोळायची, पुन्हा ढकलायची. हाक मारायला उचललेला हात त्यांनी खाली घेतला. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे जराही हलत नव्हते.

पेशंटच्या दारात चष्मा देऊन ते परतले. घरी दोघंही वाऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी ती झोपल्यावर, त्यांनी बॅटरी पिशवीत घातली आणि सायकलचं दुकान गाठलं. तिथल्या मेकॅनिक पोरीने तपासून मान हलवली.

"काका, हिच्यात निम्मा जीव उरलाय. चार्ज कशी करता?"

पाणीवाल्यांनी ताठ बसून एक्सचेंजपासून सगळं सांगितलं, शालीसकट. पोरीने हातातला पाना खाली ठेवला.

"अहो, ही तुमच्या अ‍ॅसिडच्या बॅटरीसारखी नाही! हिला कायम तुडुंब ठेवलं आणि वर ऊब दिली, तर ही लवकर म्हातारी होते. आल्यावर आधी निवू द्यायची. चार दिवे लागले की काढायची. लांब जायचं असेल तेव्हाच पूर्ण भरायची. आणि पांघरूण कसलं घालता? आग लागली नाही हे नशीब!"

"म्हणजे मीच हिला..."

"अति तिथे माती, काका. मावशी सायकल दाखवायला आल्या तेव्हा मी म्हटलंही होतं, सांगा त्यांना." आणि पोरीने जीभ चावली.

"कधी?"

तिने सांगून टाकलं. "सहा महिने झाले. त्या म्हणाल्या, बॅटरी काय, नवी आणता येईल. पण आपल्याच हातून गेली हे कळलं तर ते पुन्हा तिला हात लावणार नाहीत. परत खिडकीशी बसतील. त्यापेक्षा चढापुरती ढकलेन मी."

पाणीवाल्यांना लाज वाटलीच, पण त्याहून जास्त बायकोची माया आली, इतकी की स्वतःचा चष्मा पुसावा लागला.

नवी बॅटरी घेऊन ते घरी आले तेव्हा बायको उठलेली होती. चार्जर उघडा होता आणि शाल घडी घालून खुर्चीवर ठेवलेली. त्यांच्या हातातली नवी बॅटरी बघून तिला सगळं कळलं. तिचा चेहरा पडला.

"सहा महिने ढकललीस?"

"चढापुरती हो."

"का सांगितलं नाहीस ते विचारत नाही. पण पुन्हा ढकलायची नाही."

ती जवळ आली. घाबरत घाबरतच तिने विचारलं, "मग आता बॅटरीचं मी बघू का?"

"तू?" पाणीवाले एकदम उखडले. "तुला जमणार आहे? आधी निववायची, मग लावायची, चौथा दिवा लागेपर्यंत समोर बसायचं, वेळेवर काढायची. इतके दिवस नुसती लावून ठेवत होतो, त्यात कसलं आलंय काम! खरी ड्युटी तर आता सुरू होतेय."

आणि त्यांनी खिडकीशी असलेली खुर्ची उचलून चार्जरसमोर आणून ठेवली. बायको तोंडावर पदर धरून हसली. हसता हसता डोळेही पुसले.

संध्याकाळी चौथा दिवा लागला. पाणीवाल्यांचा हात वायरपाशी घुटमळला. पाचवा दिवा विझलेला बघून त्यांचा जीव कासावीस झाला, पण त्यांनी वायर काढली. "दोन घास कमीच बरे," ते बॅटरीला समजावत म्हणाले.

मग त्यांनी चहा केला. बायकोच्या कपात ओतताना काठाच्या बोटभर खाली हात थांबवला आणि कप पुढे सरकवला. तिने तो परत त्यांच्याकडे ढकलला.

"हा नाही हं. हा सांडेपर्यंत भरा."