दोन बाहुल्यांचा डोळा

"एरडु वर्षा! दोन वर्षं काय करत होता तुम्ही?" डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या, की भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं ओळ सोडून पळाली. माझी थोरली बहीण, अक्का, यंत्रावर हनुवटी टेकवून बसली होती. ती हलली नाही.

मी काय करत होतो? गोष्ट सांगत होतो.

अक्काचं देवराज मोहल्ल्यात ब्लाउज शिवायचं दुकान. तिच्या डाव्या डोळ्यातली बाहुली हळूहळू कडेला सरकली, लांबुळकी झाली, आणि काही महिन्यांनी शेजारी दुसरं काळं भोक पडलं. आई दृष्ट काढायला मीठ-मिरच्या शोधत होती, तेवढ्यात मी आमच्या वस्तीत, अख्ख्या अग्रहारात, उठवून दिलं: आमचे खापरपणजोबा महाराजांच्या घोडदळात, त्यांनाही एका डोळ्यात दोन बाहुल्या! एकीनं ते वाघ बघायचे, दुसरीनं झुडपामागची वाघीण. खरं तर ते घोड्यांचा हरभरा भिजत घालायचे. पण झालं! लग्नाचं ब्लाउज दोन बाहुल्यांच्या बाईकडूनच हवं, म्हणून गिऱ्हाइकांची रांग पार मार्केटच्या घड्याळापर्यंत.

"सकाळी त्या डोळ्यापुढं धूर असतो रे," अक्का म्हणायची. "बारानंतर जातो."

"सुम्मने, उगाच कशाला घाबरतेस? बारानंतर दुकान उघड की."

तिनं तसंच केलं.

डॉक्टरीणबाईंनी आवाज खाली आणून समजावलं. डोळ्याच्या पुढच्या काचेचं आतलं अस्तर सरकत रंगीत पडद्यावर चढतं, त्याला ओढतं, मग पडद्याला भोकं पडतात. क्वचित होणारा आजार, बहुधा एकाच डोळ्याला. झोपेत काच सुजते, म्हणून सकाळचा धूर. त्याच अस्तरानं डोळ्यातलं पाणी जायची वाट बुजली, दाब वाढला, मागची नस वाळली. गेलेली नजर परत येत नाही. ऑपरेशन करायचं ते उरलेली राखायला.

मला काहीच वाटलं नाही. कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावत बसलो. ते काही केल्या बसेना. बाईंनीच पेन हातातून घेतलं.

ऑटोत बसल्यावर म्हणालो, "अक्का, ती खापरपणजोबांची गोष्ट... थाप होती गं."

तिनं पिशवी मांडीवर घेतली.

"मला खरी वाटली होती," ती म्हणाली.